काही आलं तर

टक्. टक्टक्.

शेकोटीच्या मागच्या भिंतीवर पलीकडून लोखंडी सळई वाजली आणि शनिवार सकाळची ती ऊबदार, कुणीच कुणाशी बोलत नसल्याची शांतता फुटली. हडर्सफील्डमधल्या त्या रांगेत घरांच्या भिंती इतक्या पातळ होत्या, की शेजारी चहात साखर किती घेतो ते चमच्याच्या आवाजावरून कळायचं. शेजाऱ्याला बोलवायचं तर कुणी उठून दारापर्यंत जात नसे. शेकोटी ढोसायची सळई घ्यायची आणि मागच्या विटांवर ठोकायची.

थेल्मा मघापासून क्लिफर्डला सांगत होती की स्वयंपाकघरातला नळ गळतोय. क्लिफर्ड वर्तमानपत्राच्या आडून "हं" म्हणत होता. हे "हं" त्याने लग्नानंतर लगेचच बनवून ठेवलं होतं आणि तेच तो सगळीकडे वापरायचा. पण सळई वाजली मात्र, वर्तमानपत्र खाली आलं, सपाता बुटांत बदलल्या, केसांवरून हात फिरला आणि गृहस्थ मागच्या दाराने बाहेर.

"बाबा कुठे चालले?" पाच वर्षांच्या हेदरने विचारलं.

"घोड्यांकडे," थेल्मा म्हणाली.

खरं तर तो कुंपणाकडे चालला होता. कुंपणापलीकडे आयरिस उभी असायची. आयरिस हॅलम, विधवा, केस नेहमी नुकतेच सेट केलेले. दर शनिवारी दोघं मिळून घोड्यांवर दहा पेनी लावायची. दहा पेनी! एवढ्यात पावभर गोळ्यासुद्धा धड येत नाहीत. घोडे निवडायचा क्लिफर्ड, पण चिठ्ठी बुकीच्या दुकानात न्यायची आयरिस. कारण क्लिफर्ड घरासाठी कर्ज देणाऱ्या सोसायटीत उपव्यवस्थापक होता. पै-पै साठवा, असं लोकांना सांगणारा माणूस बुकीच्या दारातून बाहेर पडताना कुणी पाहिला असता, तर निम्म्या गावाने सोमवारी ठेवी काढून घेतल्या असत्या. शिवाय चॅपल होतंच, आणि तिथे जुगार म्हणजे पाप. आयरिस कुठल्याच चॅपलला जात नसे, आणि बुकीकडे जाताना कुणी पाहिलंच तर ती उलट हात हलवायची.

थेल्माला घोड्यांचं दुःख नव्हतं. दहा पेनींचं तर नव्हतंच. दुःख होतं ते कुंपणाचं. त्या हिरव्या झुडपाला एके ठिकाणी चांगला खळगा पडला होता, समोरासमोर दोन कोपरं टेकून टेकून पडलेला. आणि त्या खळग्यापाशी क्लिफर्ड हसायचा. घरी हसत नसे असं नाही, नाताळात हसायचा. पण कुंपणापाशी तो मान मागे टाकून हसायचा, आणि त्या वेळी तो जसा दिसायचा तसा थेल्माने त्याला शेवटचा पाहिला होता तो ब्रिडलिंग्टनच्या समुद्रावर, तेव्हा त्यांचा साखरपुडासुद्धा झाला नव्हता.

एकदा तिने विचारलंही होतं, "तुमची ही पैज असते तरी काय?"

"राहू दे गं," तो म्हणाला होता. "साखळीची पैज आहे. तुझं डोकं दुखेल."

थेल्मा हेदर व्हायच्या आधी शाळेत गणित शिकवायची. तिचं डोकं त्या दिवशी दुखलं नाही, पण दुसरं काहीतरी दुखलं, आणि ते अजून दुखत होतं.

त्या शनिवारी तिने गळका नळ उघडला, भांडी विसळायचं नाटक केलं आणि खिडकीच्या जाळीच्या पडद्यामागे कान लावला. तीन नावं ऐकू आली: सायलेंट संडे, मिस मफिन, ओल्ड टोबी. मग क्लिफर्ड हळू आवाजात म्हणाला, "काही आलं तर..." आणि आयरिस खळखळून हसली.

काही आलं तर? काय आलं तर? सभ्य माणसं शेजारणीशी असं अर्धवट वाक्य बोलतात का? थेल्माने नळ इतक्या जोरात बंद केला की तो गळायचा थांबला. तिने ठरवलं. हेच घोडे. हीच साखळी. पण आपली, स्वतःची. आणि संध्याकाळी जेवताना मीठ पुढे सरकवावं तितक्या सहज म्हणायचं, "हो का, ओल्ड टोबी आला का? माझाही."

आता साखळी बांधायची कशी हे विचारायला हवं होतं, आणि गल्लीत विचारण्याजोगा एकच माणूस होता. मिस्टर टॉर्डॉफ. गिरणीतून निवृत्त होऊन ते मागच्या मळ्यात बटाटे लावायचे आणि जगातल्या कुठल्याही विषयावर सल्ला द्यायचे. सल्ला मागितला नाही तर आजारी पडायचे.

"एका मैत्रिणीला हवंय," थेल्मा म्हणाली.

"असणारच," टॉर्डॉफ म्हणाले. त्यांनी फावडं रोवलं. "हे बघ पोरी. ही पहिली सरी. उगवली, तर तिच्यातलेच चार बटाटे काढायचे नि दुसरी सरी लावायची. उरलेले घरात. दुसरी उगवली, की तिच्यातले चार घेऊन तिसरी. आणि पहिलीच कुजली तर?"

"तर?"

"तर दुसरी लावायचीच नाही! कंबर वाचली, बियाणं वाचलं. घोड्यांचं तसंच. खिशातून एकदाच काढायचं. दुसऱ्या घोड्याचे पैसे पहिला भरतो, तिसऱ्याचे दुसरा. मागचा आलाच नाही तर पुढच्यावर आपण लावलेलंच नसतं. म्हणजे बुडतं ते फक्त पहिलं."

"आणि पहिल्याचे आलेले सगळेच्या सगळे पुढच्यावर लावले तर?"

"ती वेगळी. ती अधाशांची. एक सरी कुजली की संध्याकाळी उकडायलासुद्धा बटाटा नाही." त्यांनी नाक पुसलं. "उलटसुलट पण असते. हा आला तर त्याच्यावर, तो आला तर ह्याच्यावर."

"नवरा-बायकोसारखं."

"ते मला नको विचारू. मिसेस टॉर्डॉफने माझ्यावर कधी काही लावलंच नाही. तर चिठ्ठीवर घोड्यांच्या मध्ये लिहायचं, 'काही आलं तर दहा पेनी अमक्यावर'. काही शिष्ट लोक 'जिंकल्यास' लिहितात. एकच आहे."

"एकच?"

"जवळजवळ. आणि ऐक, पांढऱ्या पायाच्या घोड्यावर लावू नको, चिठ्ठी देताना मागे बघू नको, आणि सासूच्या वाढदिवशी तर लावूच नको. माझी सासू जाऊन कित्येक वर्षं झाली तरी मी पाळतो."

आयरिस जायची त्या दुकानात जाणं शक्यच नव्हतं. म्हणून थेल्माने गावाच्या दुसऱ्या टोकाचं, रेल्वेच्या कमानीपलीकडचं दुकान शोधलं. आईचा जुना रेनकोट घातला, डोक्याला रुमाल बांधला आणि क्लिफर्डचा सुट्टीतला काळा चष्मा लावला. ऑक्टोबर होता, झिमझिम चालली होती, दिवसा दिवे लागले होते. वाटेत भेटलेल्या प्रत्येक माणसाने तिच्याकडे वळून पाहिलं.

आता हेदर. मुलांना आत न्यायला कायद्याने बंदी. घरी ठेवायचं तर क्लिफर्डला सांगावं लागलं असतं, कुठे चाललीस ते. तेव्हा हेदर आपल्या तीनचाकीवर बसून आली, आणि शेजारच्या खाटकाच्या काचेपुढे तिला उभं करण्यात आलं. काचेत एक डुकराचं डोकं होतं, तोंडात सफरचंद घेतलेलं. हेदरला ते बघताक्षणीच आवडलं.

"इथून हलायचं नाही. मी आत्ता आले."

"कुणी विचारलं तर काय सांगू?"

"आई खरेदीला गेलीय."

"काय खरेदी करायला?"

थेल्माने तिच्या टोपीची नाडी नीट बांधली. गाल गार पडले होते, त्यावर ओठ टेकले. "हेदर, तू डुकराकडे बघ."

दुकानाच्या काचा आतून रंगवलेल्या होत्या. येणाऱ्या-जाणाऱ्याला मोह पडेल असं काही दिसू नये, अशी कायद्याची इच्छा होती. आत पाऊल टाकल्यावर थेल्माला वाटलं, कायद्याने रंग उगाच वाया घालवला. धूर, ओल्या कोटांचा वास, जमिनीवर फाटक्या चिठ्ठ्यांचा चिखल, आणि भिंतीला टांगलेल्या वर्तमानपत्रापुढे उभे पुरुष. ती आत येताच सगळ्यांनी एकदम खोकणं थांबवलं. इस्पितळात डॉक्टर आल्यावर थांबवतात तसं.

तिने पेन्सिल घेतली आणि लिहिलं. खिडकीच्या जाळीमागच्या कारकुनाने ते वाचलं. मग पुन्हा वाचलं. मग मोठ्याने वाचलं, आणि ते काही तिला आवडलं नाही.

"'प्रिय महोदय, आपणांस विनंती की सायलेंट संडे या घोड्यावर दहा पेनी लावण्याची कृपा करावी.' बाई, हे पत्र आहे."

"मग काय लिहायचं?"

"घोडा. वेळ. पैसे."

तिने दुसरी चिठ्ठी लिहिली. त्यावर शर्यतींच्या वेळा नव्हत्या. तिसरी लिहिली. त्यावर वेळा होत्या, पण साखळी नव्हती, नुसती तीन नावं एकाखाली एक, धोब्याच्या हिशोबासारखी.

"ह्यांना एकमेकांना बांधायचंय का सुटं ठेवायचंय?"

"बांधायचंय," थेल्मा म्हणाली. "घट्ट."

मागे कुणीतरी शीळ घातली. थेल्माचे कान तापले. आता मध्ये काय लिहायचं? 'काही आलं तर'. तिला ते शब्द लिहवेनात. काही आलं तर! म्हणजे येईल ते चालेल, उरलंसुरलं, कुंपणावरून टाकलेलं. असलं गबाळं, कशावरही समाधान मानणारं वाक्य आयरिसने लिहावं. ज्या बाईने सात वर्षं फळ्यावर एकही वेडावाकडा अंक काढला नाही, ती असं लिहिणार नव्हती. तिला जिंकायचं होतं. तिने तिच्या सुंदर अक्षरात, दोन्ही ठिकाणी, 'जिंकल्यास' असं लिहिलं, आणि खाली रेघही मारली.

"नाव?" कारकून म्हणाला.

"नाव कशाला?"

"चिठ्ठीवर नाव लागतं. खरं कुणीच देत नाही. तो बघा, तो सम्राट आहे." कोपऱ्यातल्या एका म्हाताऱ्याने टोपी उचलली. "काहीही चालेल."

काहीही चालेल म्हटलं की माणसाला काहीच आठवत नाही. थेल्माच्या डोक्यातून गावातली सगळी नावं गेली, आणि राहिलं ते एकच, ज्याची भीती तिला आत आल्यापासून वाटत होती. तिने लिहिलं: मिसेस ब्रिग्ज.

मिसेस ब्रिग्ज या चॅपलच्या खजिनदार. छपराच्या दुरुस्तीसाठी त्या हातात पत्र्याचा डबा घेऊन गावभर फिरायच्या आणि वर्षातून एकदा जुगारावर बोलायच्या, ते बोलणं ऐकून जुगार न खेळणाऱ्यांनाही पश्चात्ताप व्हायचा.

पैसे गेले, चिठ्ठी आत गेली. भिंतीवरचा कर्णा खरखरला आणि म्हणाला की रिपनच्या मैदानावरच्या पहिल्या शर्यतीत सायलेंट संडे धावणार नाही, पाय दुखावलाय.

थेल्मा वर्तमानपत्रापुढे उभी होती. तिला आधी वाटलं, बिचारा घोडा. मग वाटलं, बिचारी मी. आणि तेवढ्यात कारकुनाने जाळीतून तोंड काढून हाक मारली, "मिसेस ब्रिग्ज!"

कोण ब्रिग्ज, असं थेल्मा इकडेतिकडे बघू लागली.

"मिसेस ब्रिग्ज! अहो ब्रिग्जबाई! तुमचे दहा पेनी परत!"

दार उघडलं. दारात मिसेस ब्रिग्ज उभ्या होत्या. खऱ्या.

त्या रस्त्याने चालल्या होत्या. खाटकाच्या काचेशी त्यांना हेदर दिसली. आई कुठे, असं विचारल्यावर, मळ्यातलं घोड्यांचं बोलणं ऐकलेल्या हेदरने प्रामाणिकपणे सांगितलं होतं, "घोडा घ्यायला गेलीय." आणि त्याच क्षणी शेजारच्या दारातून त्यांचं स्वतःचं नाव खणखणीत आवाजात बाहेर आलं होतं. अशा वेळी दुसरी बाई पळून गेली असती. मिसेस ब्रिग्ज आत आल्या.

थेल्मा भिंतीवरच्या वर्तमानपत्रात शिरली. अक्षरशः शिरली, पान सुटून तिच्या चष्म्यावर आलं.

"मी ब्रिग्ज," मिसेस ब्रिग्ज म्हणाल्या. "काय आहे?"

"पहिला घोडा धावत नाहीये, बाई. हे घ्या तुमचे पैसे." पावती मागायचं कारकुनाला भान राहिलं नाही, मिसेस ब्रिग्जपुढे कुणालाच राहत नाही. "तुम्ही 'काही आलं तर' लिहायला हवं होतं. मग हे परत आलेलेच पुढच्या घोड्यावर गेले असते. परत आलेले पैसे म्हणजे काहीतरी आलंच की. पण तुम्ही लिहिलंत 'जिंकल्यास'. आता घोडा काही जिंकला नाही. हरलाही नाही. धावलाच नाही. तेव्हा साखळी इथेच तुटली."

मिसेस ब्रिग्जनी नाण्याकडे पाहिलं. तत्त्व एकीकडे होतं, छप्पर दुसरीकडे. मग त्यांनी डबा वर धरला आणि नाणं आत टाकलं. खण्ण. "देवाला सगळं दिसतं," त्या सगळ्या दुकानाला म्हणाल्या, आणि सम्राटाने पुन्हा टोपी उचलली.

थेल्मा मागच्या दाराने, खाटकाच्या कचऱ्याच्या पिंपांमधून बाहेर पडली आणि वळसा घालून पुढे आली, तर मिसेस ब्रिग्ज तिच्याच मुलीशेजारी उभ्या.

"थेल्मा! हा चष्मा कसला?"

"डोळे आलेत."

"ही म्हणते, तू घोडा घ्यायला गेलीस."

"लाकडी. नाताळला. तिला सांगायचं नव्हतं."

हेदरचे डोळे मोठे झाले. एक लाकडी घोडा आता खरोखरच घ्यावा लागणार, हे थेल्माच्या लक्षात आलं.

"माझ्या नावावर कुणीतरी बाई पैसे लावतेय," मिसेस ब्रिग्ज म्हणाल्या. "आत मला ओळखतात, थेल्मा. एकाने टोपी उचलली."

"कोण असेल हो!"

"मी शोधून काढीन." त्या म्हणाल्या, आणि त्या काढतील याबद्दल थेल्माला शंका नव्हती.

घरी येऊन तिने रेनकोट वाळत टाकला आणि कोबीच्या गड्डीच्या पिल्लांसारखे ते छोटे ब्रसेल्स सोलायला घेतले. भिंतीपलीकडे आयरिसचा रेडिओ चालू होता. क्लिफर्ड तिकडेच होता, "निकाल ऐकून येतो" असं सांगून गेलेला. तीनच्या सुमाराला भिंत हादरली. आयरिसची किंकाळी, क्लिफर्डचं "आली! मफिन आली!" मग बराच वेळ नुसती कुजबुज, त्या कुजबुजीत थेल्माने तीन ब्रसेल्स गरजेपेक्षा जास्त सोलले, त्यांचं काही उरलंच नाही. मग दुसरी किंकाळी, आणि पाय आपटल्याचे आवाज. ओल्ड टोबी.

तिचे घोडे. तेच दोन. त्यांची साखळी त्या लंगड्या घोड्याला वळसा घालून पुढे गेली होती, कारण त्यांनी येईल ते चालेल म्हटलं होतं. हिची तिथेच तुटली, कारण हिने रेघ मारली होती. तिला आयरिसच्या पैशांचा हेवा वाटत नव्हता. त्या किंकाळीचा वाटत होता. किंकाळीनंतर आपण कुणाचा तरी हात धरतोच.

क्लिफर्ड मागच्या दाराने आत आला, केस विस्कटलेले, गाल लाल. "डबा उघडायची चावी दे गं पटकन. आयरिसने सामन माशाचा डबा काढलाय. आमचं आज..."

"आई," हेदर टेबलाखालून म्हणाली, "बाबांचा घोडा आला. तुझा का नाही आला?"

नळ पुन्हा गळायला लागला होता.

"तुझा घोडा?" क्लिफर्ड म्हणाला.

थेल्माने सांगितलं. सगळं नाही. ऐकू आलेली नावं सांगितली, पडदा सांगितला नाही. दुकान सांगितलं, ब्रिग्ज सांगितल्या. ती वाट बघत होती की तो सोसायटीबद्दल बोलेल, चॅपलबद्दल बोलेल. तो खुर्चीवर बसला.

"लिहायचं कसं, ते कुणी सांगितलं?"

"मिस्टर टॉर्डॉफनी."

"टॉर्डॉफने." त्याचा चेहरा हळूहळू बदलला. "तू टॉर्डॉफला विचारलंस?"

"बटाट्यांवरून समजावलं त्यांनी. छान समजावलं."

"बटाट्यांवरून! त्या माणसाला स्वतःची चिठ्ठी धड भरता येत नाही! काय म्हणाला, 'जिंकल्यास' नि 'काही आलं तर' एकच?"

"जवळजवळ एकच."

"जवळजवळ!" क्लिफर्ड उठला, पुन्हा बसला. "मळ्यात उभं राहून? सगळ्यांसमोर? मला का नाही विचारलंस?"

"तू म्हणालास, माझं डोकं दुखेल."

"मी? असं मी कधी... आणि तो छान समजावतो?"

थेल्माने त्याच्या चेहऱ्यावरचा तो रंग ओळखला. सकाळपासून आरशात तोच होता. इतकं बरं तिला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

"तू सांग ना मग," ती म्हणाली.

त्याने बाह्या सरसावल्या. फडताळातून अंडी ठेवायचे तीन पेले काढले, ओळीने मांडले आणि ब्रसेल्स पुढे ओढले. "हा सायलेंट संडे. हा एक ब्रसेल आपण ठेवला. आता तो धावलाच नाही. मग ब्रसेल कुठे जातो?" थेल्माला सगळं ठाऊक होतं. बटाट्यांनीच कळलं होतं, आणि उरलेलं कारकुनाने मिसेस ब्रिग्जना सांगितलं होतं. पण ती वाकून बघत राहिली, मुद्दाम एकदा चुकली, आणि तो मान मागे टाकून हसला. ब्रिडलिंग्टनसारखा. त्याचं कोपर तिच्या कोपराला लागलं आणि तिथेच राहिलं. डबा उघडायची चावी टेबलावर पडली होती, ती कुणाच्याच लक्षात राहिली नाही. निदान क्लिफर्डच्या तरी.

हेदर स्टुलावर चढून सिंकशी खिडकीला नाक लावून उभी होती. तिच्या श्वासाने काचेवर धुकं जमत होतं, ती ते बाहीने पुसत होती.

बाहेर अजून झिमझिमत होतं. कुंपणाच्या खळग्यापाशी आयरिस उभी होती, चांगला हिरवा स्वेटर घालून, ओठांना रंग लावून. या घराच्या मागच्या दाराकडे बघत होती. एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होती. एकदा तिने हातातल्या पेल्यांवर पाऊस पडू नये म्हणून ते स्वेटरच्या आड घेतले, आणि पुन्हा पुढे धरले.

"आई," हेदर म्हणाली.

"काय गं राणी?"

"आयरिसकाकूंच्या हातात दोन पेले आहेत. एक त्यांचा. दुसरा कुणाचा?"